काचेला वाचा फुटली तेव्हा

१९८६ साली मी मुंबईतल्या एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो. अंधशाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलापुढे तेव्हा वाटा मोजक्याच असत. खुर्च्यांना वेत विणणे, खडू-मेणबत्त्या बनवणे, हातमाग, गाण्याच्या शिकवण्या, फार तर अंधशाळेतच शिक्षकाची जागा. कार्यालयात बसून करायचे असे एकच काम आमचे मानले जाई, ते टेलिफोनच्या बोर्डावरचे. १९७७ मध्ये केंद्र सरकारने क आणि ड वर्गाच्या पदांमध्ये अपंगांसाठी ३ टक्के जागा राखल्या, त्यातला १ टक्का अंधांचा. अंध उमेदवाराला कुठे बसवायचे हा प्रश्न सरकारी बँकांना आणि कचेऱ्यांना पडला की उत्तर ठरलेले असे: बोर्डावर.

यात कुणी उपकार करत नव्हते. काम कानाचे आणि स्मरणाचे होते. चार मजल्यांवरची सगळी एक्स्टेन्शन मला तोंडपाठ होती. नेहमी फोन करणाऱ्याने 'हॅलो' म्हटले की त्याला कोणाशी बोलायचे आहे ते मला कळायचे. टेलिफोन हे असे यंत्र होते की त्याच्यापुढे डोळस आणि अंध बरोबरीने बसत. दोघांनाही पलीकडचा माणूस दिसत नव्हताच.

माझ्या आधीच्या पिढीतले ऑपरेटर जुन्या दोरीच्या बोर्डाबद्दल सांगत. बाहेरून कॉल आला की त्या लाइनची पत्र्याची बारीक झडप खट्‌कन खाली पडायची. चाचपले की कोणती लाइन ते कळायचे, मग दोरीची पिन त्या भोकात खोचायची. पुढे झडपांच्या जागी दिवे आले. बोटाला काही कळेना. कुठे अंध ऑपरेटरसाठी वेगळी सोय बसवून घ्यावी लागली, कुठे साहेब म्हणू लागले की ऑपरेटर डोळसच द्या. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे मोबाइलच्या बाबतीत नेमके हेच घडले. हाताला कळणारी खूण काढून डोळ्याला दिसणारी खूण बसवली गेली, आणि ज्यांना दिसत नाही त्यांनी काय करायचे, हा प्रश्न नंतर विचारला गेला.

घरच्या फोनवर आमचे कधी अडले नाही. तबकडीची दहा भोके मोजता येत. बटणांचा फोन आला तेव्हा ५ च्या बटणावर एक बारीक उंचवटा होता. तो सापडला की बाकीची अकरा बटणे आपोआप सापडत. डोळस माणसांपैकी अनेकांनी तो उंचवटा आयुष्यभर वापरलेल्या फोनवर कधी पाहिलेला नसतो. आमच्या पिढीचा सगळा व्यवहार त्याच्या आधाराने चालला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गावोगाव पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ, म्हणजे सार्वजनिक टेलिफोनचे बूथ, उघडले आणि ते देताना अपंगांना प्राधान्य मिळाले. माझ्या एका वर्गमित्राचा कल्याणला बूथ होता. बिलाची चिठ्ठी यंत्रातून छापून यायची, ती तो गिऱ्हाइकाकडूनच वाचून घ्यायचा आणि नोटा बोटांत धरून लांबीवरून ओळखायचा. त्याने त्या बूथवर दोन मुलींची शिक्षणे केली. मोबाइल स्वस्त झाला तसा बूथ बसला. बँकांमधूनही 'अमक्यासाठी १ दाबा, तमक्यासाठी २ दाबा' सुरू झाले आणि ऑपरेटरच्या जागा भरणे थांबले. टेलिफोनने आम्हाला दिलेले दोन्ही रोजगार दहा-पंधरा वर्षांत टेलिफोननेच परत घेतले.

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला आणि भारतात मोबाइल सुरू झाला. आमच्या हातात तो यायला आणखी सात-आठ वर्षे गेली. आला तेव्हा बटणे होती, ५ वर उंचवटा होता, पण पडदा मुका होता. मग आम्ही मोजून चालायचो. मेन्यू दाबायचा, तीनदा खाली, सिलेक्ट, पुन्हा दोनदा खाली. नवा फोन घेतला की भाच्याला शेजारी बसवायचे, तो सांगेल तसा अख्खा मेन्यू स्लेट-स्टायलसने ब्रेलमध्ये उतरवायचा आणि पाठ करायचा. फोन येई तेव्हा कोणाचा ते उचलल्यावरच कळे. एसएमएस मात्र कोणत्याही युक्तीने वाचता येत नसे. तो आल्याचा आवाज होई आणि मग वाचून दाखवणारा माणूस शोधायचा. बँकेचा, दवाखान्याचा, बायकोचा, प्रत्येक निरोप आधी दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांखालून जायचा. त्याची सवय झाली होती, पण सवय झाली म्हणून ते बोचत नव्हते असे नाही.

तो मुकेपणा पहिल्यांदा मोडला तो सिम्बियन प्रणालीच्या फोनांवर. २००२ च्या सुमारास जर्मनीत 'टॉक्स' नावाचे सॉफ्टवेअर निघाले. पडद्यावर जे येईल ते ते बोलून दाखवायचे. पुढे ते न्युअन्स कंपनीकडे गेले. बार्सिलोनाच्या कोड फॅक्टरीचे 'मोबाइल स्पीक' हे त्याचे प्रतिस्पर्धी. नोकिया ६६००, एन७०, ई-मालिकेतले फोन ही नावे आजही आमच्या वयाचे अंध लोक जुन्या मित्रांची घ्यावीत तशी घेतात. मी एन७० वापरलेला घेतला. त्यावर मी वाचलेला पहिला निरोप घरून आलेला होता: 'भाजी आणू नका, मी आणली.' पत्नीचा माझ्यासाठीचा मजकूर मध्ये कुणी नसताना मला मिळण्याची ती पहिली वेळ. इतका साधा निरोप मी पुसला नाही, फोन बंद पडेपर्यंत ठेवला.

पण टॉक्सच्या परवान्याची किंमत दोन-तीनशे डॉलरच्या घरात होती. आपल्याकडे ती फोनच्या किमतीला भिडायची. परवाना त्या एका फोनच्या आयएमईआय या ओळख-क्रमांकाशी बांधलेला असे. लोकलच्या गर्दीत फोन मारला गेला की आवाजही गेला. त्यामुळे माझ्या ओळखीतल्या बहुतेकांच्या फोनवर चोरीची प्रत चालायची. तिचा अभिमान कुणालाच नव्हता. पण ज्या गोष्टीसाठी डोळस माणसाला एक पैसाही जादा पडत नाही, तिच्यासाठी अंध माणसाने दुप्पट मोजायचे हा हिशेबच मुळात चुकीचा होता, असे मला तेव्हाही वाटे आणि आजही वाटते.

याच काळात आणखी एक मोठी गोष्ट झाली. छापील पान मोठ्याने वाचणारे यंत्र रे कर्झवाइल यांनी अमेरिकेत १९७६ मध्ये जगापुढे आणले होते. ते एका टेबलावर मावणेही कठीण होते आणि किंमत फक्त संस्थांना परवडेल अशी. २००८ मध्ये तेच काम नोकिया एन८२ या खिशातल्या फोनवर होऊ लागले. कॅमेऱ्याने कागदाचा फोटो काढायचा आणि फोनने तो वाचायचा. ते सॉफ्टवेअर मी कधी विकत घेऊ शकलो नाही. एका परिषदेत हातात घेऊन पाहिले एवढेच. पण फोनला कॅमेरा असणे ही आमच्याही उपयोगाची गोष्ट आहे, हे त्या दिवशी समजले.

आणि मग काच आली. २९ जून २००७ ला अमेरिकेत आयफोन विक्रीला आला. बटणे गेली, ५ चा उंचवटा गेला, मोजायचा मेन्यू गेला. गुळगुळीत काच, बोट ठेवावे तिथे काहीतरी उघडणार, आणि फोन स्वतः एक शब्द बोलणार नाही. त्या काळात आम्हा लोकांत जी भीती होती ती आज सांगून पटायची नाही. सगळ्या कंपन्या काचेकडे वळल्या तर आपण फोनच्या बाहेर पडणार, हे दिसत होते. दुकानदार स्पष्ट सांगायचे, काका, पुढच्या वर्षी बटणवाले मिळतील की नाही सांगता येत नाही. आम्ही जुने नोकिया विकत घेऊन साठवायला लागलो होतो.

उत्तर दोन ठिकाणांहून, एकाच वर्षी आले. जून २००९ मध्ये आयफोन ३जीएस आला आणि त्यात 'व्हॉइसओव्हर' हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम, आधीपासून घातलेला होता. मॅक संगणकांवर तो २००५ पासून होता. फोनवर आणताना मात्र त्याच्या कर्त्यांनी काचेला हात लावण्याची रीतच बदलली. बोट टेकवले की काही उघडत नाही, बोटाखाली काय आहे ते फोन फक्त सांगतो. घरातल्या मांडणीवरून हात फिरवत कोणता डबा कुठे आहे ते पाहावे, तसे बोट काचेवर फिरवत जायचे. हवी ती गोष्ट सापडली की कुठेही दोनदा टपटप करायचे, मग ती उघडते. बोट उजवीकडे झटकले की पुढची वस्तू, डावीकडे झटकले की मागची. तीन बोटांनी तीनदा टपटप केले की पडदा पूर्ण काळा होतो, म्हणजे लोकलमध्ये शेजारचा डोकावला तरी त्याला आमचे पत्र दिसत नाही. आज अँड्रॉइडवरही हीच रीत थोड्याफार फरकाने चालते. या एका कल्पनेइतके अंधांच्या उपयोगाचे काही ब्रेल लिपीनंतर झाले असेल, असे मला वाटत नाही.

दुसरे उत्तर गूगलमधून आले आणि त्यामागे एक पुणेकर होता. टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्याचा, १९६५ चा. काचबिंदूने चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुणे विद्यापीठात गणित, मग पवईची आयआयटी, मग अमेरिकेत कॉर्नेल. पुस्तके वाचून दाखवायला भाऊ आणि मित्र. १९९४ चा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध गणिताची समीकरणे संगणकाकडून ऐकायची कशी, यावर आहे. त्या प्रबंधाला संगणकशास्त्रातल्या एसीएम या संस्थेचा प्रबंध-पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये ते गूगलमध्ये गेले.

तिथे चार्ल्स चेन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी काचेच्या फोनवर नंबर लावायची जी रीत काढली, ती मला आजही थक्क करते. काचेवर ५ चा उंचवटा नाही, तर बोट जिथे पहिल्यांदा टेकेल तीच जागा ५ धरायची. तिथून डावीकडे वर सरकवले की १, सरळ वर २, सरळ खाली ८. बोटाने आकडा शोधायचा नाही, आकड्यांनीच बोटाभोवती येऊन बसायचे. चुकला तर फोन हलवायचा, शेवटचा आकडा पुसला जातो. ज्याने आयुष्यभर तो उंचवटा चाचपून फोन लावले असतील, त्यालाच हे सुचू शकते. डोळस अभियंत्याने आमच्यावर दया करून काढलेली ही युक्ती नव्हती.

रामन यांचे म्हणणे असे की हे काम फक्त अंधांसाठी नाही. गाडी चालवणाऱ्याची नजरही पडद्यावर नसते. म्हणून त्यांच्या प्रकल्पाच्या नावात अंधत्व नव्हते, डोळ्यांवाचून वापरणे होते. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलच्या अँड्रॉइड १.६ प्रणालीबरोबर 'टॉकबॅक' हा स्क्रीन रीडर आला. सुरुवातीला तो अपुरा होता. काच चाचपता येत नसे, फोनला फिरवायचा गोळा किंवा बाणांची बटणे असतील तरच चालायचे. २०११ च्या अँड्रॉइड ४.० मध्ये बोट फिरवून ऐकण्याची सोय आली, २०१२ च्या ४.१ मध्ये बोट झटकून पुढे-मागे जाता येऊ लागले. तोवर आयफोन बराच पुढे होता, पण आमच्यातल्या फारच थोड्यांना तो परवडायचा.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा बदल काच बोलू लागली हा नाही. बोलणारे फोन आधीही होते. बदल हा की आवाज फोनबरोबर, प्रत्येक फोनमध्ये, फुकट आला. परवाना नाही, आयएमईआय नाही, चोरीची प्रत नाही. २०१४ मध्ये मी सात-आठ हजारांचा अँड्रॉइड घेतला तेव्हा दुकानातच सेटिंगमध्ये जाऊन टॉकबॅक चालू केला आणि घरी येताना रिक्षात फोन वाचत आलो. आता तर दोन्ही व्हॉल्यूम बटणे काही क्षण दाबून धरली की बहुतेक फोनांवर तो सुरू होतो. त्यासाठी डोळस भाचा लागत नाही.

फोन बोलू लागला, पण मराठी बोलायला त्याने बराच वेळ घेतला. पहिली काही वर्षे देवनागरीतला निरोप आला की इंग्रजी आवाज गप्प बसे किंवा नुसती चिन्हांची नावे घेई. मग ई-स्पीक आला. हा जोनाथन डडिंग्टन या इंग्लिश माणसाने एकट्याने सुरू केलेला, फुकट वाटलेला आवाज. कोरडा, यांत्रिक, पण चपळ. हिंदी आवाजावर मराठी वाचून घेताना 'ळ' हमखास घसरायचा, आणि 'चहा' आणि 'चमचा' यांतला 'च' त्याला एकच वाटायचा. आज गूगलचा मराठी आवाज आहे, आयफोनमध्येही मराठी आवाज आहे. दर रविवारी डोंबिवलीत आम्ही काहीजण नव्याने दृष्टी गमावलेल्यांना फोन शिकवतो. मधुमेहाने साठीत डोळे गेलेली माणसे येतात. त्यांना ब्रेल शिकण्याचे बळ उरलेले नसते, इंग्रजी येत नसते. नातवाचा मराठी निरोप फोनने मराठीत वाचला की त्यांचे खांदे सैल पडतात, ते मला आवाजावरून कळते.

फोनची गरज किती आहे हे नोटांनी दाखवून दिले. जुन्या १०० ची नोट १५७ मिलिमीटर लांब होती, ५०० ची १६७. दहा मिलिमीटरचा फरक बोटाला कळायचा.  २०१६ च्या नोटाबंदीनंतर आलेल्या नव्या नोटांत १०० ची १४२, २०० ची १४६ आणि ५०० ची १५० मिलिमीटर, आणि तिघींची रुंदी सारखीच, ६६. चार मिलिमीटरच्या फरकावर माणसाने भाजीबाजारात उभे राहून हिशेब करायचा. माझा कल्याणचा मित्र, ज्याने नोटा बोटांत धरून संसार केला, तो घराबाहेर पैसे काढेनासा झाला. 'नॅब' ही १९५२ पासूनची अंधांची संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला 'मनी' नावाचे अ‍ॅप आणले. नोट कॅमेऱ्यापुढे धरली की ते मूल्य सांगते, त्याला इंटरनेट लागत नाही. अ‍ॅप चांगले आहे आणि मी ते वापरतो. तरी माझे म्हणणे आहे की नोट हाताला कळायला हवी होती. एका हातात पिशवी, एका हातात काठी असताना नोट आणि फोन कुठल्या हातात धरायचे?

'मनी' येण्याआधीच्या वर्षांत इतर चांगली साधनेही आली. २०१५ मध्ये डेन्मार्कहून 'बी माय आइज' आले, त्यात अनोळखी डोळस माणूस व्हिडिओवरून औषधाची तारीख वाचून देतो. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे 'सीइंग एआय' आले, ज्याच्यामागे साकिब शेख हा स्वतः अंध असलेला अभियंता आहे. २०१६ च्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयामुळे पुस्तके फोनवर उतरवून ऐकता येऊ लागली.

पण फोन कितीही बोलका असो, अ‍ॅपवाल्याने बटणाला नाव दिले नसेल तर फोन नुसते 'बटन' म्हणतो. पुढचेही 'बटन', त्याच्या पुढचेही 'बटन'. पैसे पाठवण्याचे कोणते आणि रद्द करण्याचे कोणते हे ओळखायला काहीच उरत नाही. एका अ‍ॅपवर मी वर्षभर वीजबिल भरत होतो. एका सकाळी त्यांनी नवे रूप आणले आणि सगळी नावे गायब झाली. दिव्यांनी झडपा घालवल्या, काचेने बटणे घालवली, तेच पुन्हा, फक्त आता ते दर महिन्याला, दर अपडेटला होते. सगळ्यात कडू अनुभव ओळखपत्रांच्या ऑनलाइन पडताळणीचा. माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायला पडद्यावर सूचना येते: डोळ्यांची उघडझाप करा. ज्याला डोळाच नाही किंवा ज्याची पापणी हलत नाही, तो त्या यंत्राच्या दृष्टीने जिवंत नाही.

यावर अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक अंध वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ ला निकाल लागला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि पडताळणी अपंगांना करता येईल अशी व्हावी म्हणून २० निर्देश दिले. त्याआधी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा होताच. कायद्याची बाजू आता पक्की आहे. उरले आहे ते अ‍ॅप लिहिणाऱ्या मुलामुलींच्या टेबलावरचे काम. त्यांतली पुष्कळ मुले पुण्यात, हिंजवडीत, ऐरोलीत बसतात आणि मराठी वाचतात.

त्यांना माझी विनंती आहे. बटणाला नाव देणे ही प्रोग्राममधली एक ओळ असते. तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर आज, आत्ता आहे. तो चालू करा, पडदा काळा करा आणि तुम्ही बनवलेल्या अ‍ॅपमधून कुणाला तरी शंभर रुपये पाठवून पाहा. जिथे अडाल, ती जागा पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करा.